वस्तरा, आलवण आणि वाढलेले केस

1890 साली मुंबईत न्हाव्यांची एक सभा भरली. शेकडो कारागीर जमले होते आणि सभेमागे होते नारायण मेघाजी लोखंडे. ठरलं ते असं, की यापुढे विधवेच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांनीही या बातमीची दखल घेतली. पुण्या-मुंबईतली शिकली-सवरलेली मंडळी केशवपनाच्या प्रथेवर लेख लिहीत होती, व्याख्यानं देत होती, शास्त्रार्थ करत होती. इथे ती प्रथा ज्यांच्या हातांवाचून अडली असती, त्या हातांनीच काम नाकारलं होतं.

केशवपन म्हटलं की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखाद्या जुन्या कादंबरीतला प्रसंग येतो, किंवा मालिकेतला. दीडशे वर्षांपूर्वीच्या ब्राह्मण घरात मात्र तो घरकामाच्या वेळापत्रकाचा भाग होता. डोकं एकदा भादरून भागत नसे, कारण केस पुन्हा वाढतात. पंडिता रमाबाईंनी 1887 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात छापलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात नोंदवलं आहे, की दख्खनी ब्राह्मणांत विधवेचं डोकं दर पंधरा दिवसांनी नेमाने भादरावं लागे. नवव्या वर्षी विधवा झालेली मुलगी साठीपर्यंत जगली, तर हा हिशेब हजाराच्या पुढे जातो.

न्हावी परसदारी येई. धोकटीतून वस्तरा काढायचा, वाटीत पाणी घ्यायचं, डोकं भिजवायचं. बाई खाली मान घालून बसलेली. काम उरकलं की तो मागच्या वाटेने निघून जाई आणि बाई आंघोळीला जाई, कारण न्हाव्याचा स्पर्श विटाळाचा. मग अंगावर तेच आलवण, म्हणजे काठपदर नसलेलं तांबडं लुगडं, आणि तोच डोक्यावरून पुढे ओढलेला पदर. अंगात चोळी नाही. या व्यवहारातली विसंगती सुधारकांच्या नजरेतून सुटली नव्हती. जिने परपुरुषासमोर उभं राहायचं नाही, तिच्या उघड्या डोक्यावर एक परका पुरुष महिन्यातून दोनदा हात ठेवणार, आणि याला पावित्र्य म्हणायचं.

हे सगळं कशासाठी? याचं एक शास्त्रोक्त उत्तर तयार होतं. स्कंदपुराणातल्या काशीखंडात असा आशय आहे, की विधवेने वेणी घातली तर परलोकात तिचा नवरा बांधला जातो. मेलेल्या माणसाची सुटका जिवंत बाईच्या केसांवर टांगलेली! महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या प्रथेची बारकाईने झडती घेतली. वेदांत आणि प्राचीन स्मृतींत तिला भक्कम आधार नाही, पुराणातली वचनं नंतरची आहेत आणि रूढी हळूहळू घट्ट होत गेली, असा त्यांचा निष्कर्ष. काणे ग्रंथांत बुडालेले पंडित होते, तसेच मुंबईचे वकीलही होते. पंढरपूरच्या विठ्ठलाची पूजा करण्याचा सकेशा विधवेचा हक्क न्यायालयात मांडण्याचं कामही त्यांनी केलं. सकेशा म्हणजे केस राखलेली. देवाच्या दारात कोण जाणार, हे तिच्या डोक्यावरून ठरत होतं.

खरं कारण परलोकात शोधायची गरज नाही. तरुण विधवा घरात आहे, तिचं पुन्हा लग्न करायचं नाही आणि तिला घराबाहेरही काढायचं नाही, तर तिच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये याची व्यवस्था करायची. इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी पेशवाईतल्या आणि त्यानंतरच्या ब्राह्मणी वैधव्याचा अभ्यास करताना दाखवून दिलं, की स्त्रीच्या लैंगिकतेवर ताबा ठेवणं आणि जातीची उतरंड टिकवणं ही एकाच व्यवस्थेची कामं होती. विधवेला जिवंत ठेवून समाजातून वजा करायचं, आणि त्या वजाबाकीची खूण तिच्या शरीरावर कोरायची. शरीराची लाज हा इथे चुकून झालेला दुष्परिणाम नव्हता. लाज निर्माण करणं हाच प्रथेचा उद्योग होता. ‘बोडकी’ ही शिवी त्यातूनच आली. आधी डोकं बोडकं करायचं, मग तिला त्यावरून हिणवायचं आणि शुभकार्याला निघताना ती आडवी आली तर अपशकुन झाला म्हणून परत फिरायचं.

महाराष्ट्रातल्या सगळ्याच बायकांच्या वाट्याला हे आलं नाही, ही गोष्टही महत्त्वाची. मराठा-कुणबी आणि इतर अनेक जातींत पाट लावण्याची, म्होतुराची, म्हणजे विधवेने पुन्हा घर मांडण्याची रीत होती. नवरा मेला म्हणून बाईचं आयुष्य संपत नसे, कारण शेतात तिच्या हातांची गरज असे. केशवपन ही प्रामुख्याने ब्राह्मणांची आणि ब्राह्मणांसारखं दिसू पाहणाऱ्यांची प्रथा. काही खालच्या मानलेल्या जातींनीही ती अभिमानाने उचलली, असं रमाबाई लिहितात. प्रतिष्ठा वाढवायची तर किंमत घरातल्या विधवेने मोजायची, हा हिशेब त्यांना स्पष्ट दिसला होता.

ज्या पेशवाईत या रूढीचा दबदबा होता, त्याच पेशव्यांच्या घरात एक बाई तिला नमली नाही. 1761 मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांची पत्नी पार्वतीबाई यांनी पती गेल्याचं कधी मानलंच नाही. भाऊ परत येतील या भरवशावर त्यांनी सौभाग्यलेणी उतरवली नाहीत, केस ठेवले आणि 1783 मध्ये मरेपर्यंत, म्हणजे तब्बल बावीस वर्षं, सवाष्णीसारख्याच राहिल्या. याला बंड म्हणावं की शोक, ते सांगता येत नाही. मात्र एवढं खरं, की पेशव्यांच्या सुनेची समजूत घरादाराने सांभाळून घेतली. सदाशिव पेठेतल्या एखाद्या भिक्षुकाच्या सुनेला अशी समजूत परवडली नसती.

विधवेच्या बाजूने पुरुष लिहू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही 1857 ची कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते आणि तिचा विषय विधवांची दशा हाच आहे. त्याआधीच्या वर्षी विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली होती. 1863 मध्ये जोतिराव फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी तिथे येऊन बाळंत व्हावं आणि मूल मारू नये, यासाठी. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा जोतिराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. भादरलेलं डोकं आणि आलवण यांनी बाईचं रक्षण होतं, या दाव्याचा खोटेपणा त्या घराच्या नुसत्या असण्यातच उघडा पडत होता.

तरी या सगळ्यात बायकांचा स्वतःचा आवाज कुठे होता? तो आला 1882 मध्ये, बुलढाण्याहून, आणि तो मवाळ नव्हता. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल 1881 मध्ये फाशी सुनावण्यात आली. शिक्षा पुढे कमी झाली, पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर चिखलफेक सुरू झाली. ती वाचून ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक; ताराबाई मराठा घरातल्या, म्हणजे केशवपन त्यांच्या स्वतःच्या वाट्याला येणारं नव्हतं. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात 500 प्रती छापल्या गेल्या, किंमत नऊ आणे.

ताराबाईंचा युक्तिवाद साधा आणि झोंबणारा. नवरा मेला म्हणून बायकोने सारं उतरवायचं, तर बायको मेल्यावर नवऱ्याने आपली दाढी-मिशी भादरून रानात जाऊन का राहू नये, असा त्यांचा सवाल. इथे त्यांनी नेमकी नस पकडली आहे. पुरुषाच्या चेहऱ्यावरचा केस हा त्याचा मान, आणि बाईच्या डोक्यावरचा केस हा त्याचाच माल. तो जिवंत असेतो त्याला आवडावा म्हणून तेल घालून वाढवायचा, तो गेला की त्याच्यामागे टाकून द्यायचा. बाईच्या दिसण्याचा मालक कोण, हा स्त्रीवाद्यांनी पुढे शंभर वर्षं विचारलेला प्रश्न नऊ आण्यांच्या त्या पुस्तकात होता. पुस्तकावर टीका झाली, फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली आणि नंतर मराठी वाचकांनी ते विसरून टाकलं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून उजेडात आणलं. मधल्या काळात ताराबाईंनी दुसरं काही प्रसिद्ध केल्याचं दिसत नाही. एवढ्या धारदार लेखणीची बाई एका पुस्तकानंतर गप्प झाली, ही मराठी वाङ्मयाची हानी कोणत्याच खात्यात मांडलेली नाही.

आता पुन्हा न्हाव्यांकडे. लोखंडे फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केलेले, मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर राहिलेले. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. ज्या 1890 मध्ये न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला, त्याच वर्षी 10 जूनला गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्यामागे लोखंडेच होते. गिरणीत काम बंद ठेवण्याचं बळ त्यांनी पाहिलं होतं आणि तेच हत्यार त्यांनी एका धार्मिक रूढीवर चालवलं. यात खरं कौशल्य आहे. शास्त्रीपंडितांशी वाद घालत बसलं तर पिढ्या जातात. न्हावी आलाच नाही, तर निदान उद्याचं केशवपन होत नाही.

अर्थात मुंबईत असं म्हणणं सोपं होतं. गावात न्हावी हा बलुतेदार. सुगीला वाड्यावाड्यावरून मिळणाऱ्या धान्यावर त्याचं घर चाले. गावच्या कुलकर्ण्याच्या घरी जायला तो नाही म्हणाला, तर वर्षाचं बलुतं बुडणार. शहरातल्या न्हाव्याला गिऱ्हाईक रोकड देई आणि एक गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं मिळे. त्यामुळे हा संप गावोगाव पसरला आणि प्रथा कोसळली, असं काही घडलं नाही. पुढच्या सांगण्यात या घटनेचं ठिकाण कधी पुणं होतं, कधी तिचं सगळं श्रेय फुले दांपत्याकडे जातं. विचारांचं पितृत्व त्यांचं, यात वाद नाही. पण रोजच्या कमाईवर पाणी सोडणाऱ्या त्या बिनचेहऱ्याच्या कारागिरांची आठवण त्यात पुसट होऊ नये. जातीच्या उतरंडीत ज्यांचा स्पर्श विटाळाचा, त्यांनी वरच्या जातीच्या बाईच्या अपमानात हात घालायला नकार दिला, असे प्रसंग इतिहासात मोजकेच.

त्याच काळात हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती. त्यातल्या यमूचं केशवपन मराठी मध्यमवर्गाच्या मनावर असं उमटलं, की आजोबांच्या पिढीतले लोकही त्याबद्दल दबक्या आवाजात बोलत. सुधारणावाद्यांच्या शंभर लेखांनी जे साधलं नसेल, ते त्या एका मुलीच्या गोष्टीने साधलं असावं.

सुधारकांच्या विचारात मात्र एक मर्यादा होती. विधवेचं डोकं भादरू नये, कारण तिचं पुन्हा लग्न व्हायला हवं, अशी त्यांच्यातल्या पुष्कळांची मांडणी. म्हणजे केस आधी एका नवऱ्यासाठी ठेवायचे, त्याच्यामागे काढायचे आणि दुसऱ्यासाठी वाढवायचे. मध्ये बाई स्वतः कुठे आहे? तिला केस हवेत की नकोत, आरशात पाहून तिला काय वाटतं, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. रमाबाई स्वतः विधवा. छायाचित्रांत त्या आखूड कापलेले केस आणि पांढरं वस्त्र अशा दिसतात. हे रूप कुणी लादलेलं नव्हतं आणि कुणाच्या पसंतीचंही नव्हतं. सदनात आलेली पहिली विधवा म्हणजे देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई, आठव्या वर्षीच कपाळ पांढरं झालेली. 1893 मध्ये तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि ती आनंदीबाई, पुढे सर्वांची बाया झाली. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्या दोघांना वाळीत टाकलं. ‘माझे पुराण’ या तिच्या आत्मकथेत या सगळ्याचा पाढा आहे, आणि तो रडगाण्यासारखा नाही.

पण या इतिहासात सगळ्यात जास्त थांबून पाहावी अशी बाई म्हणजे बायाची धाकटी बहीण, पार्वतीबाई आठवले. जन्म 1870 चा. विसाव्या वर्षी वैधव्य आलं, पदरी एक मुलगा. केशवपन झालं. बहिणीच्या आधाराने त्या पुण्यात शिकल्या आणि कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामाला लागल्या. आश्रम 1896 चा, आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला गेला. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत पार्वतीबाई गावोगाव हिंडल्या, व्याख्यानं दिली, बायकांच्या सभा घेतल्या. हे सगळं विकेशा, म्हणजे केस काढलेल्या, विधवेच्या वेषात.

तो वेष कामाचा होता, हे विसरता येत नाही. कर्व्यांच्या संस्थेकडे कर्मठ मंडळी संशयाने पाहत: इथे विधवांची लग्नं लावतात. भादरलेलं डोकं आणि आलवण घेऊन समोर उभी राहिलेली बाई त्या संशयाला परस्पर उत्तर देई. कर्मठ घराच्या माजघरापर्यंत तिला वाट मिळे. जी खूण तिला खाली पाहायला लावण्यासाठी लावलेली, तीच खूण दारोदार फिरताना तिची ढाल झाली होती. अशी ढाल वर्षानुवर्षं वापरणाऱ्या बाईला भोळी किंवा रूढीची गुलाम ठरवणं सोपं आहे, पण तिच्या कामाचा हिशेब पाहिला तर ते टिकत नाही.

मग चाळिशी उलटल्यावर त्यांनी न्हाव्यासमोर बसणं बंद केलं. केस वाढू दिले. ‘माझी कहाणी’ या 1928 च्या आत्मचरित्रात त्यांनी केशवपनावर स्वतंत्रपणे लिहिलं आहे. दोन वर्षांनी जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याचं इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केलं. या निर्णयावर टीका व्हायची ती झाली. तरुणपणी निमूट राहिलेल्या बाईला या वयात केस कशाला हवेत? प्रश्न बोचरा आहे आणि त्याच्या पोटात एक गृहीत आहे: बाईचे केस कुणासाठी तरी असतात. पार्वतीबाईंना पुन्हा लग्न करायचं नव्हतं, त्यांनी ते कधी केलंही नाही. गृहिणीधर्म, मातृत्व यांबद्दलची त्यांची मतं आजच्या स्त्रीवादी वाचकाला जुनाटच वाटतील. तरी सुधारकांच्या तर्कात जी जागा रिकामी होती, ती त्यांनी आपल्या डोक्याने भरली. ना पहिल्या नवऱ्याच्या परलोकासाठी, ना दुसऱ्यासाठी. केस आपले म्हणून ठेवायचे.

1918 मध्ये ही बाई अमेरिकेला गेली. इंग्रजी येत नव्हतं. लोकांच्या घरी मोलकरणीचं काम करत, भाषा शिकत, आश्रमासाठी पैसे जमवत ती दोन वर्षं तिथे राहिली. परसदारी मान खाली घालून बसण्यापासून परक्या देशात लोकांच्या डोळ्याला डोळा देऊन वर्गणी मागण्यापर्यंतचा हा प्रवास एका आयुष्यात मावला.

घराघरांत प्रथा रेंगाळली ती मुख्यतः स्वयंपाकघरामुळे. सोवळ्यातला स्वयंपाक, देवाचा नैवेद्य, श्राद्धाचं अन्न करायला विकेशा विधवा चाले. सकेशा विधवेच्या हातचं पाणीही कर्मठ घरांत चालत नसे. म्हणजे केस ठेवणारी बाई घरातल्या तिच्या एकुलत्या एका अधिकाराला, चुलीला, मुके. शिवाय पहारा ठेवणाऱ्या बहुधा घरातल्याच थोरल्या सोवळ्या बायका. ‘आम्ही सोसलं, हिला काय धाड भरली,’ हा युक्तिवाद कुठल्याही पुराणवचनापेक्षा जास्त चालला. स्त्रीवादी अभ्यासक हा भाग अवघडून हाताळतात, आणि ते बरोबरही आहे. ज्या बाईला आयुष्यभर फक्त पावित्र्याचीच पुंजी मिळाली, ती पुंजी खोटी आहे हे तिने सुनेकडून का ऐकून घ्यावं?

सतीबंदीला 1829 चा कायदा होता, विधवाविवाहाला 1856 चा, संमतिवयाला 1891 चा. केशवपनाविरुद्ध असा कायदा झालाच नाही. मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्नाचं वय वाढलं, बलुतं मोडलं, कुटुंबं चाळीच्या दोन खोल्यांत आली, जिथे परसदारच नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तांबड्या आलवणातली आजी घरात एखादीच उरली. नातवंडं तिच्या डोक्यावरून हात फिरवत आणि ती त्यांना हसत ओरडे.

बाकीच्या खुणा मात्र गेल्या नाहीत, आणि त्या आता एका जातीपुरत्या राहिल्या नव्हत्या. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवणं हे पाटाची रीत असलेल्या समाजांतही रुजलं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामसभेने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असं सांगितलं. त्यानंतर अनेक गावांनी तसे ठराव केले. हे ठराव करणारी माणसं गावातलीच आहेत, आणि बांगड्या फोडणारे हातही गावातलेच, बहुतेक वेळा नात्यातल्या बायकांचे. त्यांनी नाही म्हटलं की काम अडतं, हे मुंबईच्या न्हाव्यांनी 1890 मध्येच करून पाहिलं होतं.